जुन्या कारखान्याच्या इमारतीतला लॉफ्ट फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की उघड्या विटांच्या भिंती, उंच छत, मोठ्ठ्या खिडक्या असलेला लॉफ्ट फ्लॅट बघितलाय, इमारत पूर्वी कारखाना होती, दोघांनाही आवडलाय आणि दोघंही घरूनच काम करता. मी स्वतः अशा घरात बरीच वर्षं राहतेय आणि मला सोडवत नाही, तरी तुम्हाला लगेच हो म्हणणार नाही, कारण फोटोत जे जे भारी दिसतं ते सगळं कारखान्याच्या सोयीसाठी बांधलेलं असतं आणि राहायच्या सोयी नंतर कुणीतरी बसवलेल्या असतात. त्या नीट बसवल्यात का, एवढंच शोधायचं.

खिडक्यांचंच घ्या. विजेचे दिवे नव्हते तेव्हा कामगारांपर्यंत उजेड पोचायला हवा म्हणून त्या एवढ्या मोठ्या आणि छतही त्यासाठीच उंच. पण मजले खिडकीपासून आत चांगलेच खोल असतात, बिल्डरने त्याचे तुकडे पाडले की एकेका फ्लॅटला एकाच बाजूचा उजेड मिळतो आणि बेडरूम जाते मागे अंधारात, नाहीतर तिची भिंत छतापर्यंत नेतच नाहीत. दोघांचे कॉल एकाच वेळी चालू असताना ही मोकळी जागा नको नको होते, त्यामुळे दार लावून बसता येईल अशी खिडकीवाली एक तरी खोली निघते का ते प्लॅनवर आधी बघा.

एजंट सांगेल मजला दणकट आहे. असतोच! घरासाठी चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, कारखान्याला 500 ते 1000 सुद्धा. पण वजन पेलणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. जुन्या लाकडी तुळया दिसाव्यात म्हणून खालून सिलिंग लावत नाहीत, मग वरच्याने खुर्ची सरकवली तरी तुम्हाला कळतं. वरच्या फ्लोअरिंगखाली आवाज अडवणारा थर टाकलाय का हे बिल्डरला लेखी विचारा.

आता विटा, माझा आवडता विषय. जुन्या भाजलेल्या विटेची बाहेरची कातडी कडक असते, तीच पाणी अडवते. रंग काढायला सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, केलं की ती उडते, वीट दिसायला मस्त लालभडक होते पण पाणी प्यायला लागते. त्यात मूळचे सांधे चुन्याचे असतील आणि दुरुस्तीत कडक सिमेंट भरलं असेल तर ओल सांध्यातून बाहेर पडायच्याऐवजी विटेतूनच निघते आणि विटेचे पोपडे सुटतात. भिंतीवर हात फिरवा, भुकटी येते का, खाली पांढरा क्षार साचलाय का, इमारतीची बाहेरची बाजूही बघा. उघडी वीट म्हणजे आतून इन्सुलेशन, म्हणजे थंडी-उष्णता अडवणारा थर, नाही हे तर आलंच. थंडीत गरम हवा वर छताशी जाऊन बसते आणि तुम्ही खाली पायमोजे घालून, वर लोखंडी फ्रेमला एकेरी काच असेल तर हीटिंगचं बिल विचारूच नका. इमारत हेरिटेज यादीत असेल तर खिडक्या मनासारख्या बदलताही येत नाहीत.

कागदपत्रांत एकच गोष्ट आधी मागा, राहण्यासाठी वापराची अधिकृत परवानगी. न्यूयॉर्कच्या सोहो भागात हे लॉफ्ट प्रकरण वाढलं तेव्हा रिकाम्या कारखान्यांत कलाकार बेकायदाच राहायचे, आग लागली तर आत माणूस आहे हे बंबवाल्यांना कळावं म्हणून 1960 च्या दशकात दारावर 'एआयआर' (आर्टिस्ट इन रेसिडन्स, म्हणजे इथं कलाकार राहतो) अशी पाटी लावायचे. 1971 साली कलाकारांना कायद्याने तिथं राहता यायला लागलं आणि बाकी लॉफ्टमधल्या भाडेकरूंसाठी 1982 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे लोक राहतायत याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही, कर्ज देणारी बँकही हेच विचारणार. दुसरा जिना किंवा आगीत बाहेर पडायची वाट कुठून आहे तेही चालत जाऊन बघा.

तिथं पूर्वी काय बनायचं हे पण विचारा, धातूकाम असेल तर ग्रीस काढायची रसायनं जमिनीत मुरलेली असू शकतात आणि त्यांची वाफ खालच्या मजल्यांवर येते. शिसं असलेला जुना रंग आणि अ‍ॅस्बेस्टॉस याचा तपासणी रिपोर्ट असायलाच हवा. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर मी तिथंच विषय संपवेन.

आणि पोटमाळा क्षेत्रफळात धरलाय का बघा, ताठ उभं राहता येत नसेल तर त्याचे पूर्ण भावाने पैसे देऊ नका.

एवढं सगळं जमलं आणि ती दाराची खोली निघाली तर घ्या बिनधास्त, नाही निघाली तर तुम्हा दोघांसाठी माझं उत्तर नाही. टोकन द्यायच्या आधी एकदा संध्याकाळी जा, वरचे लोक घरी असताना, आणि एजंटला दहा मिनिटं गप्प बसायला सांगा.