काझ्याला निघण्याआधी नळ्या कोरड्या करा

प्रश्न : नमस्कार भाऊ. आम्ही वरूड तालुक्यातले संत्रा बागायतदार. आंबिया बहाराचा माल गेला की जानेवारीत थोडी सवड मिळते. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मागे दोन पलंग, ओटा आणि छोटं न्हाणीघर बसवून घेतलं आहे. चेसिसखाली ८० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, ६ लिटरचा गिझर. या जानेवारीत सिमल्यावरून स्पितीला, काझ्यापर्यंत जायचं ठरतंय. माझे दीर म्हणतात, टाकीत मीठ टाका नाहीतर रेडिएटरचं कूलंट टाका, पाणी गोठत नाही. खरं आहे का? नळ्या फुटू नयेत म्हणून काय करावं?
— एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : ताई, कूलंटचं आधी सांगतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. रेडिएटरच्या कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, आणि पोटात गेलं की किडन्या निकामी करतं. ज्या टाकीतून चहाला पाणी घेणार, तिच्यात त्याचा थेंबसुद्धा जाता कामा नये. मागून कितीही धुतलं तरी पंपात आणि गिझरच्या तळाशी थोडं राहतंच. त्याच्याच भावकीतल्या डायएथिलीन ग्लायकॉलनं २०२५ मध्ये तुमच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान लेकरं गेली, खोकल्याच्या औषधातून. बरीचशी उपचाराला नागपूरलाच आणली होती. परदेशात गाडीघरांसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी द्रावण मिळतं, ते त्या मानानं निर्धोक असतं. पण सुट्या कॅनमधून प्रॉपिलीन म्हणून जे हाती येईल, त्यात काय मिसळलंय हे तुम्हाआम्हाला ओळखता येत नाही. म्हणून पिण्याच्या लाइनमध्ये कुठलंच ग्लायकॉल घालू नका, हे माझं ठाम मत.

मिठाचं म्हणाल तर समुद्राचं पाणीही उणे दोनच्या आसपास गोठतं, आणि काझ्याला जानेवारीच्या रात्री पारा उणे वीसच्या घरात जातो. तेवढी थंडी झेलायला तुमच्या ८० लिटरात चोवीस किलोच्या आसपास मीठ लागेल. ते पाणी ना पिता येणार, ना अंगावर घेता येणार, आणि पंपाची, गिझरची वाट लागणार ती वेगळीच.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. अर्धी भरलेली टाकी सहसा तग धरते, कारण वर जागा असते. फुटतं ते पाणी जिथे कोंडलेलं असतं तिथे: पंपाचं डोकं, पंपाआधीच्या जाळीची वाटी, गिझरचे जोड, मिक्सर नळाचं कार्ट्रिज, म्हणजे दांडीखालचा गरम-थंड मिसळणारा गाभा. हिंगणघाटजवळच्या माझ्या शेडमध्ये लडाखहून परतलेली एक गाडी आली होती. मालक म्हणाले, टाकी तर रिकामी केली होती, मग पंप दाब का धरत नाही? पंप उतरवला. डोक्याच्या काळ्या प्लास्टिकला स्क्रूच्या भोकापासून काठापर्यंत केसाएवढी चीर होती, नुसत्या डोळ्यांना दिसेना. पाणी जोडून अंगठ्यानं दाबलं तेव्हा त्या रेषेवर पाण्याचा बारीक मणी उभा राहिला. जाळीच्या वाटीचे तर सरळ दोन तुकडे झाले होते. टाकीत खरंच थेंब नव्हता, पण या दोन जागी मिळून जेमतेम अर्धा कप पाणी राहून गेलं होतं. बर्फ आहे तोवर चीर बुजलेली असते. खाली ऊब लागली की गळायला लागतं, आणि कळेपर्यंत प्लायवूड फुगून जातं.

म्हणून माझा सल्ला असा की, गाडी तापवून पाणी पातळ ठेवायच्या खटपटीत पडू नका. पाणीच काढून टाका. जानेवारीत मनालीकडून काझ्याचा रस्ता बर्फानं बंद असतो, तुम्ही रामपूर, रिकाँग पिओ असं सतलजच्या काठानं चढणार. रामपूर हजार मीटरच्या आसपास आहे. शेवटची अंघोळ तिथे करा आणि अख्खी लाइन तिथेच कोरडी करा.

गिझरचं बटण बंद करून वर चिकटपट्टी लावा, म्हणजे रिकाम्या गिझरवर कुणाचा हात पडून कॉइल जळणार नाही. तो पूर्ण निवला की आधी गरम पाण्याचा नळ उघडा, मग खालचा ड्रेन. इथे आपल्याकडची एक अडचण आहे. बोअरच्या क्षारानं ड्रेनचं भोक अर्धं बुजलेलं असतं. धार पडते, बारीक होते, थांबते. आपल्याला वाटतं गिझर रिकामा झाला, आणि आत लिटर-दीड लिटर तसंच असतं. घरून निघण्याआधीच लिंबूसत घालून हा क्षार काढून ठेवा. गिझरमधून सहाच्या सहा लिटर बादलीत पडले का, ते मापून बघा.

मग टाकीचा कॉक सोडा. कॉक ज्या बाजूला आहे ती बाजू खाली येईल अशी गाडी उभी करा, पलीकडच्या चाकाखाली दगड घेतला तरी चालतो. सगळे नळ उघडून पंप काही सेकंद चालवा, त्याचा आवाज मोकळा झाला की बंद. शॉवरचा पाइप हुकावरून काढून जमिनीकडे सोडा. ठिबकच्या लॅटरलची शेवटची टोपी काढून तुम्ही पाणी सोडता, तसंच इथे प्रत्येक फाट्याचं शेवटचं तोंड उघडायचं, एकही सोडायचं नाही.

एवढ्यानं नळ्या कोरड्या होत नाहीत, वळणात पाणी बसून राहतं. ते हवेनं काढायचं. पंक्चरच्या दुकानातल्या कम्प्रेसरला रेग्युलेटर लावून दाब ३० पीएसआयवर आणा. दुकानदार शंभराच्या वरची हवा सरळ मारायला निघेल, ती मारू देऊ नका, जोड उखडतात. पंप सोडवून त्याच्या पुढच्या नळीला हवा द्या आणि एका वेळी एकच नळ उघडा, लांबचा आधी. पहिल्यांदा गुळण्या येतात, मग फवारा, मग नुसती हवा. नळासमोर तळहात धरा, ओल लागेनाशी झाली की पुढचा नळ. चहा घेऊन या आणि सगळं पुन्हा एकदा करा, कारण तोवर भिंतींना चिकटलेलं पाणी खाली उतरलेलं असतं. सोडवलेला पंप दोन-तीन सेकंद मोकळा फिरवून झटका. जाळीची वाटी काढून पुसा आणि काढलेलीच ठेवा. मिक्सरची दांडी मध्यावर, म्हणजे गरम-थंड दोन्ही वाटा उघड्या राहतात. बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी तेवढं विसरू नका, तो खोलून ओता.

वर गेल्यावर पाणी कॅनमध्ये, गाडीच्या आत, पाऊण भरलेलं. रात्री एक कॅन पलंगाजवळ घ्या आणि दोन थर्मास भरून ठेवा. संडासला पाणी वापरूच नका. स्पितीत, लडाखात घरोघरी कोरडे संडास असतात, ते याच कारणानं.

टाकीखाली लावायचे १२ व्होल्टचे हीटिंग पॅड मिळतात, तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच. ४० वॉटचा एक पॅड बारा तासांत बॅटरीतले ४० अँपिअर-अवर (बॅटरीवर लिहिलेलं Ah हे माप) खातो, आणि त्यानं फक्त टाकी वाचते, नळ्या उघड्याच. शिवाय तुमची बॅटरी लिथियमची असेल तर ती शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणजे खाल्लेलं भरून काढणंही अवघड.

तुम्ही विचारलं नाही, पण इंजिनचं पाणी बघा. उन्हाळ्यात रेडिएटर आटला की बोअरचं पाणी ओतायची आपल्याकडे सवय. तेच घेऊन वर गेलात तर एका रात्रीत इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो, आणि तो खर्च पंपासारखा हजारांत भागत नाही. कूलंटची खरी जागा ही. नागपूर सोडायच्या आधी रेडिएटर धुऊन निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरून घ्या; उणे पस्तीसपर्यंत काळजी नाही. काच धुवायच्या बाटलीतलं पाणीही काढून टाका. डिझेल इकडचं वर नेऊ नका, थंडीत त्यात मेण धरून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याचसाठी. वरच्या पंपांवर हिवाळी डिझेल आहे का, हे विचारूनच टाकी भरा.

आणि ताई, ऊब यावी म्हणून दारं लावून गॅस किंवा शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. रजया जास्त घ्या.

प्रश्न : भाऊ, चिखलदऱ्याले दव गोठते म्हणतात. टाकी भरून रात्री मुक्काम केला तं नळ्या फुटतीन का?
— एक वाचक, परतवाडा

उत्तर : नाही फुटणार. निरभ्र रात्री गवत आणि गाडीचा टप आपली उष्णता आभाळाकडे टाकून हवेपेक्षाही थंड होतात, म्हणून त्यांच्यावरचं दव गोठतं. हवा तेव्हा शून्याच्या वर असू शकते. भरलेली नळी गोठायला हवा कित्येक तास शून्याखाली राहावी लागते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हाही तो शून्याच्या वरच होता. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, म्हणून तिथे आणखी गार. तरी गाडीच्या आतल्या लाइनला धोका नाही. बाहेर हातपाय धुवायचा पाइप तेवढा रात्री गवतावर पसरलेला ठेवू नका, झटकून आत घ्या.