व्होल्ट आणि अँपिअर माहीत असतील तर रोध आणि वॉट कसे काढायचे?

तुमच्या पाणी तापवायच्या रॉडला 230 व्होल्ट मिळतात आणि क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचं यंत्र) 6.5 अँपिअर दाखवतो, म्हणजे हवं ते सगळं हाताशी आहे.

रोधासाठी भागाकार: 230 ÷ 6.5 = साधारण 35.4 ओहम. शक्तीसाठी गुणाकार: 230 × 6.5 = 1495 वॉट. रॉडवर 1500 वॉट छापलेलं असेल तर तो ठणठणीत आहे. तासभर चालवला की दीड युनिट.

आता खरी गंमत बघा. संध्याकाळी व्होल्टेज 200 वर आलं तर रॉडचा रोध जवळपास तेवढाच राहतो, पण प्रवाह 5.65 अँपिअरवर उतरतो आणि शक्ती थेट 1130 वॉटवर. व्होल्टेज तेरा टक्के घटलं, शक्ती मात्र जवळपास पाव भाग गेली! बादली तापायला उशीर लागतो तो यामुळेच.

पंखा, मोटर यांना मात्र हा सरळ हिशोब लावू नका. तिथे पॉवर फॅक्टरनेही (व्होल्ट × अँपिअरपैकी खरोखर वापरल्या जाणाऱ्या शक्तीचा हिस्सा) गुणावं लागतं. आणि 100 वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध थंड असताना मल्टिमीटरने मोजलात तर हिशोबातल्या (230 × 230 ÷ 100) 529 ओहमच्या दहाव्या भागाइतकाही भरणार नाही. बल्ब बिघडलेला नसतो, टंगस्टनची तार तापल्यावरच तिचा रोध वाढतो.