रोकफोरची गुहा आणि माणच्या मेंढ्या

प्रश्न : फ्रान्सचं रोकफोर हे एवढंसं गाव मेंढीच्या दुधाच्या चीजवर जगतं. मेंढ्या आमच्याकडेही आहेत. ते चीज एखाद्या लेण्यात मुरेल का? (एक वाचक, दहिवडी, जि. सातारा)

उत्तर : नुसता गारवा पुरत नाही. तिथला कोंबालूचा चुनखडीचा कडा पूर्वी ढासळला, दरडीत खोल भेगा राहिल्या. त्या भेगांना ‘फ्लुरीन’ म्हणतात. त्यांतून ओलसर वारा बारमाही खेळतो, गुहा १० अंशांच्या आसपास राहते. हवा कोरडी पडली की चीज तडकतं. कोंडली की नको ती बुरशी धरते. आपलं लेणं बेसॉल्टमध्ये कोरलेलं, बहुधा एकाच तोंडाचं. वारा खेळणार कुठून? शिवाय दख्खनी मेंढीचं दूध कोकरालाच जेमतेम पुरतं, खरी अडचण तीच. चीजला ‘रोकफोर’ हे नावही लावता येणार नाही : मुरवण्याचा हक्क राजा सहाव्या शार्लने १४११ मध्ये गावाला दिला, १९२५ पासून कायद्याचं संरक्षण आहे.