चोर सोडून संन्याशाला फाशी

गाडीची नाडी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ताई, माझ्याकडे दोन सीटची स्पोर्ट्‌स कार आहे. इंजिन सीटच्या मागे, चार सिलिंडरचं. गेले दोन महिने इंजिन बंद करताना अगदी शेवटी 'खर्रर्र' असा आवाज येतो. आयडलिंगला बेल्टची कुई-कुई आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) थरथरताना दिसतो. वर्कशॉपमध्ये पूर्ण अल्टरनेटर बदलायला सांगितलं आहे. इंजिन चालू असताना मीटरवर १४.२ व्होल्ट येतात. नुसती पुली बदलून भागेल का, आणि ते घरी जमेल का? ऑइल आणि ब्रेक पॅड मी स्वतःच बदलतो.

उत्तर : तुमच्या पत्रात १४.२ हा आकडा दिसला आणि मी तिथेच थांबले. गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर बिचारा चोख काम करतोय. चोर बहुतेक त्याच्या शाफ्टवर बसलाय, मुठीएवढी पुली. बंद करताना खडखड आणि आयडलिंगला टेन्शनरची थरथर ही दोन लक्षणं जोडीनं आली, की अल्टरनेटर खोलण्याआधी मी पुली तपासते. एकोणतीस वर्षं मी स्टार्टर-अल्टरनेटरच्याच बाकड्यावर काढली, बाबांचं बाकडं होतं ते. बाबा शेवटपर्यंत अल्टरनेटरला डायनॅमोच म्हणायचे. त्यांच्या काळात पुली म्हणजे शाफ्टवर नटानं आवळलेलं लोखंडी चाक, बाकी काही नाही. १९९० च्या दशकात या नव्या, एकाच दिशेला ओढणाऱ्या 'वन-वे' पुल्या यायला लागल्या आणि आमचं बाकडं काही दिवस चक्रावून गेलं.

सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं ना, तेच या पुलीच्या पोटात असतं. पाय मारले की चाक ओढलं जातं, पाय थांबले तरी चाक फिरत राहतं. अल्टरनेटरला ही चैन कशाला? इंजिन कानाला एकसारखं वाटलं तरी ते धक्क्या-धक्क्यानं फिरतं. तुमच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन स्फोट. स्फोट झाला की क्रँक पुढे उसळतो, दोन स्फोटांच्या मध्ये मंदावतो. रोटर म्हणजे अल्टरनेटरच्या आत फिरणारा तांब्या-लोखंडाचा जड गोळा, आणि तो फिरतो क्रँकच्या अडीच ते तीन पट वेगानं. जडपणाचा हिशेब वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गात होतो, म्हणजे बेल्टच्या पलीकडून क्रँकला तोच रोटर सहा ते नऊ पट जड लागतो. क्रँक मंदावला तरी तो मंदावायला तयार नसतो. घट्ट पुली असली की ही ओढाताण बेल्ट सोसतो, आणि बेल्ट सैल-ताठ होताना टेन्शनर वर-खाली नाचतो. वन-वे पुली त्या क्षणी रोटरला सोडून देते.

तिच्यातला क्लच, म्हणजे तेच फ्रीव्हील, जाम झाला, की ती पुन्हा साधं लोखंडी चाक होते. तुमची थरथर आणि कुई-कुई त्यातून आलेली दिसते. इंजिन बंद करताना तर क्रँक गचके खात थांबतो आणि रोटर अजून जोरात फिरत असतो, म्हणून खडखड तिथे सगळ्यात मोठी.

उलटा प्रकारही होतो. क्लच दोन्ही बाजूंना मोकळा सुटतो. पुली फिरते, रोटर जागच्या जागी. बॅटरीचा दिवा लागतो, मीटर १२.४ दाखवतो आणि सगळे म्हणतात, अल्टरनेटर गेला. असे किती धडधाकट अल्टरनेटर माझ्याकडे दुरुस्तीला आले त्याची मोजदाद नाही.

तर आधी तपासा. इंजिन गार असताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. हे सोडू नका. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत इंजिन बंद असतानाही बॅटरीचा करंट थेट असतो. त्या वायरीच्या नटाला लावलेला पाना बॉडीला टेकला, तर ठिणगीसकट तिथेच चिकटतो. मग बेल्टचा फोटो काढा, तो कुठल्या पुलीच्या वरून जातो आणि कुठल्या खालून. जुनाच बेल्ट परत चढवणार असाल तर फिरण्याच्या दिशेचा बाण खडूनं काढून ठेवा. टेन्शनर लांब दांडीनं हळू मागे घ्या, बेल्ट उतरवा, आणि टेन्शनर तितकाच हळू सोडा. फाडकन सुटला तर बोटं सांभाळायची वेळ येते.

आता पुलीचं बाहेरचं कडं बोटांनी फिरवा. इंजिन ज्या दिशेनं तिला ओढतं त्या दिशेला रोटर बरोबर यायला हवा, हाताला जड लागतो. उलट दिशेला कडं एकटं, गुळगुळीत फिरायला हवं. दोन्हीकडे जड म्हणजे जाम. दोन्हीकडे मोकळं म्हणजे संपली. मोकळ्या बाजूला वाळू भरल्यासारखी करकर लागली, तर संपत आलीये. काही पुल्यांच्या पोटात क्लचबरोबर स्प्रिंगही असते. त्या ओढण्याच्या दिशेला थोडा स्प्रिंगचा ताण देतात आणि मग रोटरला घेतात. तो बिघाड नव्हे. बेल्ट उतरलेलाच आहे, तर टेन्शनरचं चाक आणि मधल्या पुल्याही फिरवून बघा. त्यातलं एखादं बेअरिंग घरघरत असेल तर पुलीला दोष लावण्यात अर्थ नाही.

आता घरी जमेल का. ऑइल बदलणाऱ्या माणसाला जमेल, पण त्याला पाने वेगळे लागतात, आणि इथे मी स्वतः खाल्लेली माती सांगते. अशी पहिली पुली आली तेव्हा मी समोरचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं आणि आत नट शोधला. नट नव्हताच. नुसते गोल दाते. मग मी चेन पाना बाहेरच्या कड्याला गुंडाळला आणि डावीकडे जोर लावला. कडं गरगर फिरलं. मला वाटलं, आटे निघाले! पुन्हा जोर, पुन्हा गरगर. अर्ध्या तासानं डोक्यात प्रकाश पडला. सैल करण्याची दिशा नेमकी तीच, जिकडे क्लच मोकळा असतो. बाहेरून कितीही फिरवा, आतल्या भागाला त्याचा पत्ताच लागत नाही. चेननं कड्याच्या खाचांना ओरखडे पाडले ते वेगळंच, आणि ती पुली तशीच राहिली असती तर तिनं पुढचा बेल्ट कुरतडून खाल्ला असता.

लागतं ते असं. टोपण काढल्यावर आत दात्यांचा गोल दिसतो, बऱ्याच पुल्यांत ३३ दात्यांचा, तो पुलीच्या आतल्या भागाचा. त्याच्याही आत, खोलवर, शाफ्टच्या तोंडात बारा कोनांची किंवा टॉर्क्सची (सहा टोकांच्या चांदणीसारखी) खाच. म्हणून जोडी हवी. मधून आरपार भोक असलेली दातेरी गोटी (सॉकेट), आणि त्या भोकातून जाणारं लांब बिट. बिटनं शाफ्ट धरायचा, गोटीनं पुलीचा आतला भाग फिरवायचा. बिट चांगल्या पोलादाचंच घ्या, स्वस्तातलं पीळ खातं आणि शाफ्टची खाच बरबाद करून जातं. आणि हत्यार मागवण्याआधी टोपण काढून, टॉर्च लावून आत काय आहे ते बघा. एका गाडीवर टॉर्क्स निघालं म्हणून तुमच्यावर तेच असेल असं नाही.

दिशेचा गोंधळ इथेच होतो. आटे सरळ असतील तर पुलीचा भाग डावीकडे फिरवला की सुटतो. पण जागा अडचणीची असेल आणि तुम्ही गोटी अडवून आतलं बिट फिरवत असाल, तर बिट उजवीकडे फिरवायचं. सैल करायला उजवीकडे! हाताला हे पटत नाही आणि माणसं तीच पुली आणखी आवळत बसतात. मोजके उलट्या आट्यांचे नमुनेही असतात, तेव्हा नव्या पुलीच्या आट्यांकडे आधी एक नजर टाका. पहिला जोर भरपूर लागेल. सरळ आट्यांच्या पुलीला चालती गाडीच वर्षानुवर्षं घट्ट करत असते.

तुमचं इंजिन सीटच्या मागे आहे, त्यामुळे पुली जागेवरच सोडवण्याच्या नादाला लागू नका. सीटमागचं पॅनल काढून आणि गाडी स्टँडवर घेऊन अल्टरनेटर बाहेर काढा, आणि काम टेबलावर करा. निव्वळ पुलीचं काम दहा मिनिटांचं. तिथपर्यंत पोचायला अर्धा दिवस धरा. स्पोर्ट्‌स कार जमिनीला टेकलेली असते, साधा जॅक खाली शिरत नाही, तर आधी चाकं फळ्यांवर चढवून घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपू नका, हे तुम्हाला सांगायला नकोच.

नवी पुली गाडीचं मॉडेल सांगून मागू नका. अल्टरनेटरवरचा नंबर द्या. एकाच मॉडेलवर दोन वेगळ्या बनावटीचे अल्टरनेटर बसलेले मी पाहिलेत. हातात आली की जुनीशेजारी ठेवा. खाचा मोजा, व्यास मोजा, आणि मागच्या तोंडापासून पहिल्या खाचेपर्यंतचं अंतर मोजा. हे शेवटचं कोणी मोजत नाही, आणि तिथे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडला की बेल्ट तिरका धावतो. कुई-कुई घालवायला निघालेला माणूस नवीन कुई-कुई घेऊन येतो.

आटे फडक्यानं पुसा, पुली हातानं शेवटपर्यंत चढवा. हातानं चढत नसेल तर आटे वाकडे धरलेत, परत काढा. मग टॉर्क रिंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना. अशा बऱ्याच पुल्यांना ८० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात, पण आकडा तुमच्या पुलीबरोबर येणाऱ्या कागदावरचाच घ्या. आणि आवळताना टॉर्क रिंच बाहेरच्या गोटीला लावा, आतल्या बिटला नको. बिटकडून आवळायचं म्हणजे ते डावीकडे फिरवायचं, आणि 'टक्' करणारे पुष्कळ रिंच डावीकडे मोजतच नाहीत. तुम्ही 'टक्'ची वाट बघत राहाल आणि आटे जातील. इम्पॅक्ट गननं तर ही पुली मुळीच आवळू नका, क्लचच्या बारीक रोलरांना ते धक्के झेपत नाहीत.

शेवटी टोपण. नवं टोपण दाबून बसवा. 'राहिलं तर राहिलं' म्हणून मी एकदा बसवलं नव्हतं, आणि तीच पुली चार महिन्यांत चिखल-पाणी पिऊन परत बाकड्यावर आली. त्या गिऱ्हाइकाला दुसरी पुली मी माझ्या खिशातून दिली.

सगळं बसलं की इंजिन सुरू करा, मिनिटाला २,५०० फेऱ्यांपर्यंत न्या आणि बंद करा. इंजिन थांबल्यावरही सेकंद-दोन सेकंद बारीक 'हूंऽऽ' ऐकू आलं तर घाबरू नका. बेल्ट थांबलाय आणि रोटर मोकळा फिरतोय.

प्रश्न : मी सर्किटवर गाडी चालवतो. अल्टरनेटरवर मोठ्या व्यासाची हलकी पुली बसवली तर ताकद वाढते असं ऐकलं. खरं का?

उत्तर : थोडं खरं, बरंचसं ऐकीव. अल्टरनेटर हळू फिरला म्हणून गाडीची विजेची भूक कमी होत नाही. रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) रोटरला जास्त करंट देऊन तेवढीच वीज काढायला बघतो. १४ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १.४ किलोवॉट, तेवढी ताकद आणि वरचं नुकसान इंजिनाला मोजावंच लागतं. वाचतं ते पंख्याचं आणि घर्षणाचं, आणि तेवढं तुमच्या पाठीला सीटमध्ये जाणवणार नाही.

खरा फायदा निराळा आहे. क्रँकची पुली १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ५५ असेल तर गुणोत्तर २.७ च्या वर जातं. होंडा एस२००० च्या पहिल्या दोन लिटर इंजिनासारखं ९,००० पर्यंत जाणारं इंजिन असलं, तर या हिशेबानं रोटर २४,००० च्या पुढे. साधारण अल्टरनेटर १८,००० ते २०,००० फेऱ्यांसाठी बनवलेले असतात. त्याच्या वर रोटरची गुंडाळी बाहेर फेकली जायला बघते. ७० ची पुली लावली की आकडा १९,३०० वर येतो. त्याची किंमत आयडलिंगला चुकवावी लागते. ८०० फेऱ्यांना रोटर २,१८० ऐवजी १,७०० वर, आणि रेडिएटरचा पंखा नि दिवे चालू असले तर बॅटरी उतरत जाते. फक्त सर्किटवर चालवत असाल तर लावा. त्याच गाडीनं रोज ट्रॅफिकमध्ये उभे राहत असाल तर नको. बेल्टची लांबीही बदलावी लागेल हे धरून चाला.

प्रश्न : वन-वे पुली उघडून ग्रीस भरता येतं का? आणि तिच्या जागी साधी घट्ट पुली चालेल का?

उत्तर : दुसऱ्याचं आधी. चालेल, गाडी चालू होईल, चार्जिंगही होईल, आणि सगळे धक्के पुन्हा बेल्ट-टेन्शनरच्या माथी. ज्या इंजिनाला कंपनीनं घट्ट पुली दिलीये तिथे ती ठीक. दुसरीकडे नको.

ग्रीसचं म्हणाल तर, हौसेखातर मी एक पुली ग्राइंडरनं उभी कापली होती. आत सुईएवढे बारीक रोलर, प्रत्येकामागे नखाएवढी स्प्रिंग, आणि रोलर ज्यावर चढून अडकतात ते उतार. ग्रीसचं झालं होतं गंजाच्या रंगाचं पीठ. प्रत्येक उतारावर, रोलर वर्षानुवर्षं जिथे चढला तिथे, एक चकचकीत खड्डा पडला होता, नखाला लागेल इतका. रोलर त्या खड्ड्यातच बसून राहायचा, सुटायचाच नाही. त्या खड्ड्यात ग्रीस भरून काय होणार? ती कापलेली पुली अजून आहे माझ्याकडे, बिलांवर वजन म्हणून ठेवलेली. कोणी पूर्ण अल्टरनेटर बदलायला घेऊन आलं की आधी ती त्यांच्या हातात देते.