वाचकांचे प्रश्न : तेरावे पान आणि देवळातला कौल

टॅरोसंबंधी, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांसंबंधी, आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : ताई, आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. धाकट्या बहिणीने हणजूणच्या बाजारात तीन पानांचे रीडिंग करून घेतले आणि त्यात ‘डेथ’चे पान निघाले. तेव्हापासून घरात तारीख पुढे ढकलण्याचे घाटत आहे. या पानाचा अर्थ मृत्यू असाच असतो का? (म्हापसा)

उत्तर : शस्त्रक्रियेची तारीख कृपा करून पत्त्यांवरून बदलू नका. काही शंका असेल तर ती डॉक्टरांना विचारावी. आईच्या पित्ताशयाविषयी पत्त्यांना काहीही ठाऊक नसते. टॅरोवर माझी श्रद्धा नाही म्हणून मी हे सांगत नाही. मी ते अनेक वर्षे मनापासून करत आले आहे आणि त्याची मर्यादा मला ठाऊक आहे, म्हणून सांगते.

टॅरोच्या जोडात 78 पाने असतात. त्यांतील 22 पानांना ‘मेजर आर्काना’ म्हणतात आणि उरलेली 56 पाने छड्या, पेले, तलवारी व नाणी अशा चार गटांत प्रत्येकी 14 अशी विभागलेली असतात. पाने नीट पिसून तीन काढली, तर त्यांत ‘डेथ’ येण्याची शक्यता 26 मध्ये 1 इतकी असते. म्हणजे बाजारात रोज बसणाऱ्या टॅरो-वाचकापुढे हे पान वारंवार येतच राहते, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी काय घडणार याचा पाने पिसण्याशी काहीही संबंध नसतो.

आता त्या पानाकडेच जरा निरखून पाहा. 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या रायडर-वेट संचात या तेराव्या पानावर चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून चालला आहे. त्याच्या काळ्या झेंड्यावर पांढरे गुलाब आहे, मुकुटधारी राजा खाली कोसळला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, लहान मूल मात्र गुडघे टेकून त्याच्याकडे पाहते आहे, आणि दूर दोन बुरुजांमध्ये सूर्य दिसतो. जाणकार टॅरो-वाचक या पानाचा अर्थ एखाद्या गोष्टीचा शेवट, जुने सोडून देणे, पुन्हा मागे न वळणारा बदल असा लावतात. तोही अर्थ पान कोणत्या जागी पडले आणि प्रश्न काय विचारला होता, यावर अवलंबून असतो. तुमच्या बहिणीने नेमका कोणता प्रश्न विचारला होता, हे पत्रात नाही. तिला तो विचारा. कदाचित आईविषयीची जी धास्ती तिला कोणाजवळ बोलून दाखवता आली नव्हती, ती या चित्रामुळे प्रथमच बाहेर आली असेल. तसे असेल तर तिला जवळ बसवून बोलते करणे, हे घरातल्या मोठ्यांचे काम आहे.

प्रश्न : टॅरो प्राचीन इजिप्तमधील पुरोहितांनी निर्माण केले, असे आम्हाला एका वर्गात शिकवले. हे खरे आहे का? आपल्या शेजारच्या सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांशी त्याचे काही नाते आहे का? (डिचोली)

उत्तर : हे खरे नाही. टॅरोची पाने 15व्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा येथील सरदारांच्या दरबारी, खेळण्यासाठी तयार झाली. पुढे त्या खेळाला ‘तारोक्की’ हे नाव पडले. आज ज्या पानांपुढे आपण गंभीर होतो, ती मेजर आर्कानाची पाने त्या खेळातील हुकमाची पाने होती. ‘फूल’ म्हणजे मूर्खाचे पान तेवढे त्यांत वेगळे, कारण त्याला खेळात स्वतंत्र स्थान होते. इजिप्तची कल्पना 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने मांडली. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती. फ्रेंच विद्वान शांपोलियों यांनी ती 1822 मध्ये उलगडली आणि तिच्यात टॅरोचा मागमूसही सापडला नाही. तरीही 18व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एतेला या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी या पानांवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली, आणि तेथून आजची प्रथा वाढली.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 120 गोल पाने असतात, प्रत्येक अवताराची बारा. टॅरोप्रमाणे तीही खेळण्यासाठीच आहेत; भविष्यकथनासाठी नाहीत. गोव्याशी जवळचा धागा दुसरीकडे आहे : 16व्या शतकातील पोर्तुगीज पत्त्यांवरही पेले, तलवारी, नाणी आणि छड्या हीच चार चिन्हे असत. खेळाच्या पानांना पुढे साधनेचे मोल आले, यात मला कमीपणा दिसत नाही. मात्र शिकवणाऱ्याने वंशावळ खरी सांगावी.

प्रश्न : आमच्या घरी महत्त्वाच्या कामाआधी कुलदेवतेचा कौल घेतात. सून टॅरोची पाने काढते. हे देवाशी प्रतारणा करण्यासारखे नाही का? आणि टॅरोला खरोखर आध्यात्मिक अर्थ आहे का? (फोंडा)

उत्तर : आपल्या देवळांत कौल कसा घेतात, ते आपण माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहिले असेल. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, याची वाट पाहतात. मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो पाकळी पडण्याच्या आधीचा भाग. घरात महिनाभर चाललेला वाद, जमीन विकावी की ठेवावी, सोयरीक जुळवावी की नाही, हा सगळा गुंता देवापुढे एका स्पष्ट वाक्यात मांडावा लागतो, आणि तोही सर्वांच्या देखत.

टॅरोचे आध्यात्मिक काम मला तेथेच, प्रश्न घडण्याच्या जागी दिसते. पाने पिसताना माणूस गप्प होतो, आणि ‘माझे लग्न कधी होईल’ हा प्रश्न हळूहळू ‘मला एकटेपणाची इतकी भीती का वाटते’ असा बदलतो. मग चित्र समोर येते. बाराव्या पानावरचा माणूस एका पायाने उलटा टांगलेला आहे, पण त्याचा चेहरा शांत आहे आणि मस्तकाभोवती तेजोवलय आहे. नोकरीत अडकून पडलेल्या एखाद्याला ते चित्र पाहून रडू कोसळते, तर दुसऱ्याला प्रथमच थांबण्याची मुभा मिळाल्यासारखे वाटते. चित्र एकच असते. ज्याच्या त्याच्या मनात दबून राहिलेले मात्र निराळे असते.

फरकही स्पष्ट सांगायला हवा. कौलात उत्तर देणारी देवता आहे, तिच्याशी पिढ्यांचे नाते आहे आणि उत्तर होय किंवा नाही असे मिळते. टॅरोमागे अशी कोणतीही देवता नाही आणि त्यातून निर्णय मिळत नाही, मिळू नये. सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थिनीपुढे ‘टॉवर’ हे वीज पडलेल्या मनोऱ्याचे पान आले आणि मी तिला शिक्षणासाठी बाहेरगावी जाऊ नकोस असे सांगून बसले. तो सल्ला पानाचा नव्हता, माझ्या भित्र्या स्वभावाचा होता, आणि तिने एक वर्ष त्यात घालवले. त्यानंतर मी कोणालाही ‘कर’ किंवा ‘करू नको’ असे सांगितलेले नाही. सूनबाई पानांसमोर बसून स्वतःला प्रश्न विचारत असतील, तर त्यात प्रतारणा नाही. एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहा. त्या पानांकडून हुकूम मागत असतील, तर मात्र आपली काळजी योग्य आहे.

प्रश्न : एका टॅरो-वाचकाने माझा स्वभाव तंतोतंत सांगितला. नंतर ‘नकारात्मक ऊर्जा’ काढण्यासाठी 21,000 रुपये मागितले. द्यावेत का? (मडगाव)

उत्तर : देऊ नका. स्वभाव तंतोतंत जुळला, यावरूनही विश्वास ठेवू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर वाटला, आणि बहुतेकांना तो आपल्यासाठीच लिहिला आहे असे वाटले. ‘तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात’ हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? ज्या पानांत त्या व्यक्तीला तुमच्यावरची पीडा दिसली, तीच पाने घरी एखाद्या वहीत उतरवून ठेवा, त्यांकडे पाहून तुमच्या मनात काय येते ते त्यांखाली लिहा, आणि त्या व्यक्तीकडे पुन्हा जाऊ नका.