आर.सी. क्रॉलरला ॲल्युमिनिअमचे स्टिअरिंगचे भाग बसवले, तरी चाक दगडात वळत का नाही?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे. तुमच्याकडे ॲक्सिअलची एससीएक्स१० टू ही १:१० प्रमाणातील क्रॉलर, म्हणजे दगडधोंड्यांवर सावकाश चढणारी रिमोटची गाडी आहे. तिला तुम्ही बाहेरच्या कंपनीचे ॲल्युमिनिअमचे नकल (चाक धरून वळणारा भाग), सी-हब (ॲक्सलच्या टोकाचा, नकल धरणारा भाग), टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (सर्वोची ओढ चाकांकडे नेणारा दांडा) बसवले, मात्र सर्वो, म्हणजे चाके वळवणारी मोटर, गाडीबरोबर आलेलाच ठेवला. आता पुढचे चाक दोन दगडांच्या बेचक्यात बसले की ते वळत नाही, डावीकडे वळण जास्त आणि उजवीकडे कमी मिळते, आणि चाके पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की ती झटके देतात. यावर टायटॅनिअमच्या लिंक घ्याव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर 'घेऊ नका' असे आहे, कारण तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकीचेही मूळ लिंकमध्ये नाही.

माझ्याकडे हीच गाडी आहे आणि मी ती पुण्याजवळच्या टेकड्यांवरील काळ्या कातळावर व सुटीत कोकणात जांभ्यावर चालवतो. भाग बदलण्याचा तुमचाच क्रम मीही धरला होता, कारण नकल आणि लिंक दिसायला देखण्या असतात आणि सर्वो म्हणजे तार लोंबणारी एक काळी डबी. (या नकलांच्या नकलाही बाजारात भरपूर मिळतात, आणि त्यांतील काहींची भोके इतकी सैल असतात की मूळचे प्लास्टिक बरे वाटावे.) परंतु स्टिअरिंगचा जोर बॅटरीतून निघून बीईसी (बॅटरीचे व्होल्टेज उतरवून सर्वोला देणारे सर्किट), सर्वो, हॉर्न (सर्वोच्या आसावर बसणारा हात), ड्रॅग लिंक, टाय रॉड आणि नकल या वाटेने चाकापर्यंत जातो. धातूचे नकल आणि लिंक हा जोर वाटेत वाया जाऊ देत नाहीत, एवढेच त्यांचे काम आहे. मुळात जो जोर निघालाच नाही तो ते निर्माण करू शकत नाहीत. म्हणून बदल सर्वोच्या टोकापासून सुरू करून चाकाकडे जावे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वोचा जोर किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये सांगतात. २० किलोचा सर्वो म्हणजे आसापासून १ सें.मी. अंतरावर २० किलोची ओढ देणारा. हॉर्नवरील भोक आसापासून २० मि.मी. वर असेल तर ड्रॅग लिंकला १० किलोची ओढ मिळते, आणि तेच भोक १५ मि.मी. वर घेतले तर १३ किलोंहून थोडी अधिक मिळते. मात्र जोर वाढला की सरकण्याचे अंतर घटते: हॉर्न दोन्ही बाजूंना ४५ अंश फिरतो असे धरले, तर २० मि.मी. च्या हॉर्नने लिंक एका बाजूला सुमारे १४ मि.मी. सरकते आणि १५ मि.मी. च्या हॉर्नने जेमतेम साडेदहा. म्हणून ज्या सर्वात आतल्या भोकावर चाके अजूनही पूर्ण वळतात, ते भोक निवडावे. पुष्कळ जण लांब हॉर्न बसवतात आणि उरलेली हालचाल रिमोटवरून कापून टाकतात. त्यात विकत घेतलेला जोर फुकट जातो.

किती किलोचा सर्वो घ्यावा? १.९ इंची चाकांच्या, पितळेची वजने लावलेल्या गाडीला खरोखरचे २० ते २५ किलो मला पुरेसे वाटतात. 'खरोखरचे' हा शब्द मुद्दाम वापरला, कारण डबीवरचा आकडा बहुधा सर्वाधिक व्होल्टेजचा असतो. तोच सर्वो ७.४ ऐवजी ६ व्होल्टवर चालवला की आकडा लक्षणीय उतरतो. त्याचबरोबर जोरदार सर्वो अडकलेल्या अवस्थेत काही ॲम्पिअर विद्युतप्रवाह ओढतो आणि ईएससीमधील (मुख्य मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीतील) लहान बीईसीला ते झेपत नाही. त्याचे लक्षण ओळखणे सोपे आहे. गाडी खडबडीत जमिनीवर उभी ठेवून चाके जोरात इकडून तिकडे वळवा. त्या क्षणी गाडीचे दिवे मंदावले, किंवा रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर सर्वो उपाशी आहे असे समजावे. अशा वेळी वेगळी बीईसी बसवून तिच्यातून रिसीव्हरला वीज द्यावी आणि ईएससीच्या प्लगमधील लाल तार काढून, तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप लावून बाजूला ठेवावी, म्हणजे दोन बीईसी एकमेकींशी भांडणार नाहीत. काही सर्वो थेट बॅटरीवर चालतात, पण पूर्ण भरलेली टू-एस (दोन सेलची) लिपो बॅटरी ८.४ व्होल्ट देते, तेव्हा सर्वोच्या कागदावर ८.४ लिहिलेले आहे का ते आधी पाहावे. थ्री-एस (तीन सेलची) पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देते, केवळ ८.४ पर्यंतचा सर्वो तिला थेट जोडलात तर तो तिथेच संपेल.

हॉर्न घेताना दात्यांची संख्या पाहावी. फुताबा पद्धतीच्या आसाला २५ दाते असतात, हायटेकच्या बहुतेक सर्वोंना २४ आणि जेआर पद्धतीच्या सर्वोंना २३. चुकीचा हॉर्न हातोडीने ठोकला की बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच दगडावर दाते सोलून निघतात. हॉर्न धातूचा आणि बाजूच्या स्क्रूने आवळला जाणारा घ्यावा. वेगवान गाड्यांमध्ये सर्वोचे दाते वाचवण्यासाठी स्प्रिंग असलेला सर्वो सेव्हर लावतात. तो क्रॉलरमध्ये नको, कारण चाक अडले की स्प्रिंग दबते, हॉर्न फिरतो आणि चाक मात्र जागच्या जागी राहते. तुमच्या गाडीत तो अजून असेल, तर पहिल्या तक्रारीचे निम्मे उत्तर तिथेच मिळेल.

आता डावी-उजवीकडील फरक. याचे कारण जवळजवळ नेहमी हॉर्नच्या बैठकीत असते. २५ दात्यांच्या आसावर एक दाता म्हणजे १४.४ अंश. हॉर्न एका दात्याने चुकीचा बसला आणि तुम्ही लिंकची लांबी बदलून चाके सरळ करून घेतलीत, तर वरवर सगळे ठीक दिसते. पण ४५ अंश फिरणारा २० मि.मी. चा हॉर्न लिंक एका बाजूला सुमारे १५.२ मि.मी. आणि दुसऱ्या बाजूला १२.२ मि.मी. सरकवतो. त्यामुळे काम पुढील क्रमानेच करावे. हॉर्न काढून ठेवावा, रिमोट व गाडी सुरू करावी, ट्रिम आणि सब-ट्रिम (रिमोटवरून सर्वोचा मध्य किंचित सरकवण्याच्या सोयी) शून्यावर आणावेत व सर्वोला स्वतःचा मध्य गाठू द्यावा. मग हॉर्न ड्रॅग लिंकला शक्य तितका काटकोनात बसेल असा दाता शोधावा. जवळचा दाता निवडला की चूक जास्तीत जास्त ७ अंशांच्या आसपास उरते, ती सब-ट्रिमने काढावी. हॉर्न काटकोनात आल्यावरच ड्रॅग लिंकची लांबी जुळवून चाके सरळ करावीत. क्रम उलटा केला की चूक लपते, जात नाही.

टाय रॉडची लांबीही नव्याने मोजावी लागते, कारण बाहेरच्या कंपनीच्या नकलाचा हात मूळ नकलापेक्षा एक-दोन मि.मी. लांब वा आखूड असू शकतो. दोन्ही चाकांमधील अंतर ॲक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजावे व ते सारखे ठेवावे. पुढून किंचित कमी भरले तरी क्रॉलरच्या वेगाला काही बिघडत नाही. लिंकच्या एका टोकाला सरळ आणि दुसऱ्याला उलट आटे असतील, तर रॉड एंड (लिंकच्या टोकाचा सांधा) न काढता नुसता दांडा फिरवून लांबी बदलता येते. खर्चच करायचा असेल, तर मी टायटॅनिअमपेक्षा या सोयीसाठी पैसे मोजीन.

या गाडीत सर्वो चेसिसवर असल्यामुळे आणखी एक गोष्ट तपासावी. ॲक्सल वर-खाली होताना पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चेसिसशी आडवा जोडणारा दांडा) त्याला एका कमानीत फिरवतो आणि ड्रॅग लिंक चाकांना दुसऱ्या कमानीत. दोन्ही दांडे समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे असले की कमानी जुळतात. नसले तर रिमोटला हात न लावताही, चाक दगडावर चढता चढता आपोआप वळते. नव्या लिंकबरोबर आलेला जाड स्पेसर बसवला की हे समांतरपण बिघडते. गाडी सुरू ठेवून चेसिस हाताने दाबा आणि सोडा. चाके हलताना दिसली तर स्पेसर ड्रॅग लिंकच्या एका टोकावरून काढून पाहावा.

बसवतानाच्या काही बारीक गोष्टी मी चुका करून शिकलो. धातूत धातूचा स्क्रू जातो तिथे निळे थ्रेड लॉक एक थेंब लावावे. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला ते लावू नये, त्याने प्लास्टिक ठिसूळ होते. ॲल्युमिनिअममधील तीन मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे फार लवकर जातात, म्हणून आखूड ॲलन की दोन बोटांत धरून आवळावे. किंगपिन (नकल ज्यावर फिरतो तो स्क्रू) आवळल्यावर नकल स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडत असेल तर स्क्रू अर्धा-पाव फेरा ढिला करावा, किंवा नकलाचा काठ सी-हबला कुठे घासतो ते पाहून तिथे कानशीने किंचित घासावे. नकलात किंगपिनसाठी बेअरिंग वा बुश नसेल, तर धातू धातूवर घासून काही महिन्यांत भोक मोठे होते आणि प्लास्टिकमध्ये होता त्याहून अधिक खेळ येतो. जांभ्याची तांबडी धूळ या कामी पॉलिश पेपरसारखी वागते.

यानंतर एंड पॉइंट, म्हणजे रिमोटवर सर्वोच्या हालचालीची ठरवलेली हद्द. इथे मी एक चांगला सर्वो जाळला आहे. नवे भाग बसवले, एंड पॉइंट पूर्वीचेच राहू दिले, आणि नकल सी-हबच्या टोकाला टेकल्यावरही सर्वो पुढे रेटत राहिला. त्याची बारीक गुणगुण मला ऐकू येत होती, पण ती मी नव्या सर्वोची ऐट समजलो. दहा मिनिटांत डबी हात लावू देईना आणि मग वास आला. म्हणून गाडी ठोकळ्यावर ठेवून, चाके हवेत असताना, दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट आधी ५० टक्क्यांपर्यंत खाली आणावेत आणि एकेक टक्क्याने वाढवत जावे. नकल टेकून गुणगुण सुरू झाली की दोन टक्के मागे यावे. डाव्या आणि उजव्या बाजूचे आकडे वेगळे निघणे स्वाभाविक आहे, पण त्यांच्यात फार अंतर दिसले तर हॉर्नच्या दात्याकडे परत जावे.

राहिले पूर्ण वळणावरचे झटके. तुमच्या नव्या नकलांनी वळण्याचा कोन वाढला असेल, तर हे अपेक्षितच आहे. पुढच्या ॲक्सलमधील युनिव्हर्सल सांधा एकेरी असतो आणि एकेरी सांध्यातून वेग सारखा बाहेर पडत नाही. सांधा ४० अंश वाकवला, तर एकाच फेऱ्यात चाकाचा वेग दांड्याच्या वेगाच्या सुमारे ०.७७ पट ते १.३१ पट असा दोनदा वर-खाली होतो. हाच तो झटका. ॲल्युमिनिअमचा नकल हे बरे करू शकत नाही. किंबहुना जास्त कोन देऊन तो हे वाढवतो. एंड पॉइंट थोडे मागे घेऊन कोन चार-पाच अंशांनी कमी केलात तर झटके जाणवण्याइतके घटतील. ते मान्य नसेल तर या ॲक्सलसाठी दुहेरी सांध्याचे दांडे मिळतात का ते शोधावे. पूर्ण वळणावर दगडात अडकले असताना थ्रॉटल दाबणे मात्र कोणत्याही दांड्याच्या जिवावर उठते.

आणि सगळेच प्लास्टिक काढून टाकण्याचा मोह आवरावा. साखळीत कुठेतरी स्वस्त भाग तुटायला ठेवलेला बरा. माझ्या गाडीत तो मान रॉड एंडना दिला आहे: लिंक धातूच्या, टोके प्लास्टिकची. कड्यावरून गाडी उलटली तेव्हा एक टोक उखडले आणि पाच मिनिटांत बदलून झाले. सगळे काही धातूचे असते तर हिसका सर्वोच्या दात्यांवर किंवा चेसिसवरील सर्वोच्या पट्टीवर गेला असता. ती पट्टीही तपासा. कोणी तरी रिमोट वळवत असताना बाजूने पाहिलेत तर सर्वो जागेवर झुकतो की नाही ते कळते. झुकत असेल तर धातूची पट्टी हा नकलाहून फार स्वस्त आणि फार उपयोगी बदल आहे.

तेव्हा आधी मूळचा हॉर्न कोणता आहे ते पाहा, दिव्यांची चाचणी करा, मग सर्वो घ्या. बसवून झाल्यावर पहिली अर्धी बॅटरी संपली की थांबून किंगपिन, हॉर्न आणि सर्वोचे स्क्रू पुन्हा आवळा, आणि काढलेले प्लास्टिकचे नकल टाकू नका. माझे डबीत आहेत आणि एकदा धातूच्या नकलाचे आटे गेले तेव्हा भर जांभ्यावर तेच कामी आले.