'पूर्वाश्रमीच्या' म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द कुठे वापरायचा?

तुम्ही विचारलंय की आजीच्या पंच्याहत्तरीच्या निमंत्रणात तिचं लग्नाआधीचं नाव 'पूर्वाश्रमीच्या' लावून छापलं तर चालेल का, आणि स्वतःबद्दल बोलताना 'माझं पूर्वाश्रमीचं आयुष्य' म्हणता येतं का. पहिलं चालेल, दुसरं शक्यतो नको. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रेसमध्ये पत्रिका, मानपत्रं यांची प्रुफं तपासते, हा शब्द सारखा समोर येतो आणि बरेचदा अर्थ माहीत नसतानाच छापायला दिलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पूर्व अधिक आश्रम, म्हणजे आधीचा आश्रम. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हे चार आश्रम आपण शाळेत शिकलोच आहोत. शब्द मुळात शोभतो तो संन्याशाला, स्वामी विवेकानंद पूर्वाश्रमीचे नरेंद्रनाथ दत्त, असं. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्धसुद्धा स्वतःच करतो, म्हणजे आधीचं नाव, घर, नाती सगळं तिथे संपलं. मग हाच शब्द लग्न झालेल्या बाईच्या आधीच्या नावाला लागला, आणि आता पेपरातल्या निधनवार्तेत, परिचयपत्रात तो मुख्यतः त्याच अर्थाने दिसतो.

यात फक्त आडनाव येतं असं नाही हं. पूर्वी पहिलं नावही बदलायचे, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवीन नाव लिहायची पद्धत अजूनही कित्येक घरांत आहे. रमाबाई रानडे पूर्वाश्रमीच्या यमुना कुर्लेकर. डॉक्टर आनंदीबाई जोशी याही मूळच्या यमुनाच, आणि त्यांचं माहेरचं आडनावही जोशीच होतं, त्यामुळे तिथे आडनाव तेच राहिलं आणि नाव तेवढं बदललं. इरावती कर्वे यांच्या बाबतीत उलटं, नाव तेच आणि आडनाव करमरकरचं कर्वे झालं.

सगळ्यात अडचण होते ती पुनर्विवाहात. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचं माहेर जोशी, नाव गोदू, लहानपणी लग्न होऊन नातू झाल्या, लगेच वैधव्य आलं, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ साली कर्व्यांशी लग्न झालं. आता यांना 'पूर्वाश्रमीच्या' कोण म्हणायचं, जोशी का नातू? दोन्ही खरं आहे, म्हणून अशा वेळी हा शब्द टाळून 'माहेरच्या जोशी' असं सरळ लिहावं, गोंधळ होत नाही.

आणि माझं मत विचाराल तर एरवीसुद्धा मला 'माहेरच्या' हाच शब्द जास्त खरा वाटतो. संन्याशाचं मागचं तुटतं, बाईचं माहेर कुठे तुटतं? ती मंगळागौरीला येते, दिवाळीला येते, पहिल्या बाळंतपणाला येते. शिवाय आश्रम तर नवऱ्याचाही बदलतो, त्याची सोडमुंज करतात ती ब्रह्मचर्य संपलं म्हणूनच, पण कुठल्या नवरदेवाला 'पूर्वाश्रमीचा' लिहिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. हे मला खटकतं आणि खटकायलाच हवं असं वाटतं. ज्या मुली लग्नानंतर नाव बदलत नाहीत (आणि बदलायलाच हवं असा कायदा नाहीये) त्यांना तर हा शब्द लावायचा प्रश्नच येत नाही, तरी लोक सवयीने लावून आणतात आणि मग मला फोन करून विचारावं लागतं की अहो, ताईंचं आडनाव नक्की कुठलं चालू आहे.

तुमचा दुसरा प्रश्न. हा शब्द चिकटतो नावाला, ओळखीला. 'पूर्वाश्रमीचे काँग्रेसवाले' म्हणतात ते त्यातूनच आलंय. पण 'पूर्वाश्रमी मी हॉस्टेलला राहायचे' असं कुणी बोलत नाही, तिथे 'लग्नाआधी' म्हणायचं, बास. 'विवाहपूर्व' हा कागदोपत्री शब्द, विवाहपूर्व समुपदेशन वगैरेंसाठी ठीक. आणि पत्रिकेतलं 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, ते लग्न व्हायच्या आधीच्या मुलीलाच लावतात, आजीला लावू नका, असंही एक प्रूफ आलं होतं माझ्याकडे.

लिहिताना पू दीर्घ, आणि 'र्वा'चा काना विसरू नका, 'पूर्वश्रमीच्या' हे चूक. 'पूर्वाश्रमीच्या कु. लेले' असंही नको, 'कु.' तिथे जास्तीचं होतं. तुमच्या निमंत्रणात आजीचं आत्ताचं पूर्ण नाव मोठ्या टाइपात, त्याच्या खाली 'माहेरच्या' लिहून पुढे तिचं जुनं नाव नि गाव असं छापा, आणि छापायच्या आधी एकदा आजीला वाचून दाखवा, कारण तिचं लहानपणीचं नाव कागदावर कसं होतं ते तिलाच नीट माहीत असेल.